वडशाच्या पुढचा रस्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, जिवलग मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या नागभीडचे नाही, म्हणून असेल. उद्या बाजारात समोरासमोर गाठ पडणार नाही — भित्र्या माणसाला एवढी सोय पुरते.

मी मोटारींचं वाइंडिंग करतो. धानाच्या शेतातले पंप जळले की लोक माझ्याकडे आणून टाकतात. मी जळकी तार काढतो, नवी भरतो. या कामात तोंड फार चालवावं लागत नाही. गावात माझी ओळखच अशी — हा माणूस दोन शब्द बोलेल, पण खरे बोलेल. पुढचं सगळं या ओळखीच्या जोरावर निभावलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझी बायको प्रतिभा नर्स आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून इथल्या एका खासगी दवाखान्यात दिवसभर उभी असते. आमची मुलगी लहान होती तेव्हा प्रतिभाला पक्की नोकरी लागली. सरकारी. गाव मात्र वडशाच्या पुढे, जंगलातलं. तिथल्या आरोग्य केंद्रावर रुजू व्हायचं होतं. घरात पेढे आले, आणि पेढे संपायच्या आत वाद सुरू झाला. तिकडे राहायला धड जागा नाही, माझं दुकान इथं, आई इथं. म्हणजे रोजचं अप-डाऊन. वडशापर्यंत रेल्वे, तिथं ठेवलेली स्कूटी काढायची आणि पुढं जंगलातून जायचं. निम्मा दिवस रस्त्यातच. परवडेल का? पोरीला कोण बघेल? पावसाळ्यात नाले भरले तर? ज्याला त्याला मत होतं. प्रतिभा तेवढी मत देत नव्हती — ती कोर्टामागच्या मैदानावर स्कूटी शिकत होती. पडली, गुडघे फोडून घेतले, दुसऱ्या दिवशी परत गेली. आणखी काय मत द्यायचं असतं माणसानं?

शेवटी तीच म्हणाली, "तुमी एकडाव रस्ता पाहून या. तुमी म्हणान तसं करू."

म्हणजे निवाडा माझ्या हातात आला. मला बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू?

फाल्गुन संपत आला होता. मोटारसायकल घेऊन पहाटेच निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडला, वडसा मागं पडलं, धानाच्या बांध्या संपल्या आणि जंगल सुरू झालं. मी याच मुलखातला, जंगल काही मला नवं नाही. पण आम्ही जंगलात जातो ते कामापुरते, चार जण मिळून, मोठ्यानं बोलत. एकटा, गप्प, असा मी कधी गेलोच नव्हतो. पळस इतका फुलला होता की रस्त्यावरचा उजेडसुद्धा तांबूस दिसत होता. एका वळणावर जुना मोह होता, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. का कोण जाणे, तिथं मी गाडी बंद केली.

आणि मग — कसं सांगू? मोहफुलं पडत होती. टप. जरा थांबून परत टप. त्यांचा गोड, जड वास. सागाचं एखादं वाळकं पान सुटलं तरी ऐकू येत होतं, इतकं शांत. चितळांचा कळप रस्त्यावर आला. एक मादी थांबून माझ्याकडे बघत राहिली, पळाली नाही. वर धनेश उडाले, त्यांच्या पंखांचा आवाज छातीत भरला. मी गाडीवरून उतरलो आणि हात जोडले. कुणाला जोडले? तिथं देव नव्हता, देऊळ नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं एवढं खरं. मी फार लहान झालो आणि ते लहान होणं मला आवडलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तिथं बसून राहिलो. ऊन वर आलं. आणि मग मनात आलं — हे तिला रोज दिसणार.

मी दुकानात जळक्या तारेचा वास घेत बसणार, आणि ती रोज इथून जाणार. संध्याकाळी घरी येईल तेव्हा तिच्या डोळ्यांत हे असेल. मला सांगेल, मी ऐकेन. हळूहळू ती मोठी होत जाईल, आणि मी होतो तिथंच, पंप उघडून. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त होणार होता, त्याचं मला वाईट वाटत होतं का? असेल थोडं. पण मला खरी पोटदुखी झाली ती रस्त्याची. बायकोला रस्ता मिळतोय याची जळजळ — ऐकलीय कधी?

घरी आलो. सगळे वाट बघत होते. मी पाणी प्यायलो आणि सांगितलं, "वाघ होता. रस्त्यातच बसला होता."

बस, एवढंच. जास्त काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे वाघ ही थाप वाटत नाही, आणि सांगणारा मी होतो. आई मटकन खाली बसली. प्रतिभानं माझा हात धरला, कुठं लागलं तर नाही ना असं खांद्यापासून चाचपून पाहिलं. रुजू व्हायची मुदत होती, ती तिनं जाऊ दिली. एका शब्दानं तक्रार केली नाही. कोर्टामागं जाणं बंद झालं.

इथं तरी संपावं की नाही? पण आमच्यात रीत आहे — वाघानं समोर येऊन वाट दिली, तर त्या जागी जाऊन त्याला मान द्यायचा. आई म्हणाली, "वाघोबानं माह्या लेकाले सोडलं, नारळ फोडाच लागते." झालं. आई, प्रतिभा, शेजारचे दोघं, असे सगळे तीन गाड्यांवर निघालो, आणि जागा दाखवायची मी! दाखवली — तो मोह. दुसरी जागा सुचलीच नाही. आईनं एक दगड उभा केला, शेंदूर लावला, नारळ फोडला. प्रतिभा डोकं टेकवून उठली आणि तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. झाडांकडे, रस्त्याकडे. कितीतरी वेळ.

"किती मोठं हाये हो हे," ती म्हणाली. "मले वाटलं नोतं."

मी गाडीला किक मारत होतो. मारतच राहिलो.

त्या हंगामात जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बायका वाघाच्या भीतीनं त्या मोहाखाली फुलं वेचायला गेल्या नाहीत, असं नंतर कानावर आलं. दगडाजवळ येणारे-जाणारे थांबू लागले. कुणी पानाची डहाळी ठेवतं, कुणी फूल. आता वर टिनाचं छप्पर आहे. शेंदराचे थर इतके चढलेत की मूळ दगड दिसत नाही. लोक खरोखर भक्तीनं हात जोडतात. मीही जोडतो, आणि खरं सांगू? त्या जागेपुढे आजही माझी मान मनापासून झुकते. फक्त मी तिथं काय केलं ते त्या जागेला ठाऊक आहे.

दरवर्षी फाल्गुनात प्रतिभा मला तिथं घेऊन जाते. मी वाचलो म्हणून. दवाखान्यात कुणी जुन्या नोकरीचा विषय काढला, तर सांगते — नोकरीचं काय घेऊन बसलात, माणूस परत आला. उभं राहून राहून तिच्या पायांच्या शिरा सुजल्यात.

यंदा नारळ फोडून झाल्यावर ती गाडीवर बसली आणि म्हणाली, "आता आलोच हावो तं ते गाव तरी पाहू."

गेलो. वळणापुढचं जंगल मीही त्या दिवशी पाहिलं नव्हतं — ते आणखी दाट, आणखी उंच होतं. आरोग्य केंद्र आलं. बैठी इमारत, दारात कडुनिंब, ओट्यावर लेकरं घेऊन बसलेल्या बाया. प्रतिभा फाटकाशी उतरली आणि उभी राहिली. आतून पांढऱ्या कपड्यातली एक नर्स बाहेर आली. आमच्याहून बरीच लहान.

"कोणाले पाहाले आल्या, बाई?"

"कोणालेच नाई," प्रतिभा म्हणाली. "अशीच आली."

मग फाटकाच्या गजावरचा हात काढून ती माघारी वळली, गाडीवर बसली, चला म्हणाली. परतीच्या वाटेवर वैनगंगेच्या पुलापर्यंत ती मान वळवून झाडांकडे बघत होती. वाघ मला दिसला नव्हता. त्या पहाटे रस्ता मोकळा होता. मी गाडी जितकी हळू चालवता येईल तितकी हळू चालवली.