काचेतला आजारी

आमच्या कपड्यांच्या दुकानातली काचेची शोकेस टाचणीमामा सजवायचे. पुतळ्याला कपडा ढगळ झाला की मागून टाचण्या मारायच्या. समोरून पुतळा नवरदेव! मामांचं स्वतःचं बिऱ्हाड गाण्याच्या मास्तरांबरोबर होतं. जोडप्यासारखे राहायचे आणि भांडायचेही तसेच.

एड्सचं नाव काढलं की लोक हात झटकायचे, त्या दिवसांत मास्तर एड्सने दवाखान्यात पडले. त्यांची थोरली बहीण रोज डबा आणायची, पण दारातूनच द्यायची.

"ताई, हात लावल्याने काही होत नाही," मामा समजावायचे.

"पटतंय हो. पण पाय आत येत नाही, त्याला काय करू?"

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता मामांना बोलण्यापेक्षा पुतळे बरे जमत. मालकांनी पायजम्यांची सजावट सांगितली, तर मामांनी शोकेसमध्ये खाटच मांडली. खाटेवर मास्तरांचा जुना चष्मा लावलेला एक पुतळा, त्याचा हात धरून बसलेले दोन पुतळे, आणि वर पाटी : 'एड्स हात धरल्याने होत नाही. धरा.'

मालक किंचाळले, "अहो, मी पायजमे दाखवायला सांगितले होते!"

"घातलाय की."

"आजाऱ्याला?"

"मग काय उघडा निजवू?"

बाहेर ही गर्दी! एका गिऱ्हाइकाने तर आजाऱ्याचाच पायजमा निळ्या रंगात मागितला. मालकांचा आवाज लगेच खाली आला.

दुपारी ताई आल्या. पाटी वाचली, चष्मा ओळखला, आणि चपला काढून थेट शोकेसमध्ये चढल्या. उशी सारखी करायला पुतळा उचलला आणि ओरडल्या, "अगं बाई! पाठभर टाचण्या! आजाऱ्याला असं निजवतात?"

"ताई, पाठ कोण बघतंय इथे?"

"आणि तिकडे? त्याची पाठ कोण बघतं?"

"मी. सकाळ-संध्याकाळ. दिवसभर कुणी नाही."

ताईंनी पुतळा कुशीवर ठेवला. खाली उतरल्या, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि चालू लागल्या.

संध्याकाळी मामा दवाखान्यात पोचले तेव्हा ताई खाटेवर ऐसपैस बसल्या होत्या. मास्तरांना कुशीवर वळवून पाठ पुसत होत्या.

"हळू गं! हात किती गार तुझे!" मास्तर कुरकुरत होते.

"गप पड!" म्हणून ताईंनी मामांकडे पाहिलं. "आणि तुम्ही बघत काय राहिलात? याचा धुतलेला सदरा कुठे ठेवता?"

धाकट्या भावजयीला विचारावं, अगदी त्याच सुरात.