तुर्गुनदाजींची लाल वायर

माझ्या बहिणीचा नवरा तुर्गुन म्हणजे मर्गिलानच्या आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं तोंड. कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. रेशमाच्या कारखान्यात लागला, भांडून घरी आला. दर वेळी दोष दुसऱ्याचा. बापाची जुनी व्होल्गा गाडी तेवढी विकायची राहिली होती. अंगणात तुतीखाली उभी असायची आणि तिच्यात मांजर व्यायची.

भाचीचं, हुलकारचं लग्न ठरलं आणि दाजींना गाडी आठवली. आमच्याकडे बाप मुलीला पोचवायला सासरी जात नाही, अंगणातच दुआ देऊन मागे राहतो.

"बाप म्हणून जाता येत नाही ना? मग ड्रायव्हर म्हणून जातो!" दाजी छाती फुगवून म्हणाले. "ड्रायव्हरला कोण अडवतोय?"

इंजिन धडधाकट होतं, पण वायरी पार कुजलेल्या. हात लावला की वरच्या कापडाचा भुगा व्हायचा. सोबिर मिस्त्रीने सांगितलं, "तुर्गुनभाऊ, एक जुनी काढायची, तिथे त्याच रंगाची नवी घालायची, मगच पुढची." दाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि सगळ्या वायरी एका दमात उपटल्या. बॅटरीची जाड काळी तेवढी राहिली. मग बाजारातून नव्या वायरीचं हे एवढं भेंडोळं आणलं. सगळी लाल!

"अहो दाजी, एकाच रंगाची? ओळखणार कशी?"

"लग्नाची गाडी आहे, लालच शोभते. आणि ओळखायला डोकं लागतं."

"तेच तर म्हणतोय."

ब्रेक दाबला की वायपर हलायचे. दिवे लावले की भोंगा वाजायचा. अर्धी गल्ली रोज तमाशा बघायला यायची, मी सगळ्यांच्या पुढे. "मामा, सांगा ना बाबांना," हुलकार रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी नवरदेवाकडच्या पांढऱ्या गाडीतून जाते." मी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. दाजींचे पाय तेवढे गाडीबाहेर दिसत होते, तेही हलले नाहीत.

लग्नाच्या दिवशी पोरगी मुकाट्याने व्होल्गेत जाऊन बसली. बापाचा मान राखला बिचारीने. दाजींनी किल्ली फिरवली, तसा डॅशबोर्डखालून धूर निघाला आणि भोंगा सुरू झाला तो थांबेचना. बायकांनी ओरडत हुलकारला बाहेर ओढलं आणि पांढऱ्या गाडीत कोंबलं. तिने खिडकीतून डोकं काढलं, "बाबा, मागून या!" दाजी मान डोलवत राहिले. भोंगे वाजवत वरात गल्लीबाहेर गेली. निघालेली नवरीची गाडी मागे वळत नाही.

धूर विरला तरी भोंगा चालूच. एवढ्या दिवसांत या माणसाला एक गोष्ट धड जमली नाही! शिव्या घालत मी पाना घेतला आणि बॅटरीची वायर सोडवायला बॉनेटला हात घातला. ती एकटी काळी वायर तर दाजींनाही ओळखता येत होती. मग हे बसलेत कशाला? मी काचेतून आत पाहिलं.

स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून दाजी रडत होते. तोंड वासून, लहान पोरासारखे. भोंग्यात त्यांचा आवाज जरासुद्धा ऐकू येत नव्हता. माझ्या हातातला पाना दिसला तसं त्यांनी घाईघाईने मान हलवली, नको, नको.

मी पाना खिशात घातला आणि गल्लीतल्या लोकांना घरी पिटाळलं. बॅटरी उतरेपर्यंत भोंगा वाजत होता.