इंजिन बंद

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींत आफ्रिकेहून परतणं हा एक समारंभ असतो. काँडोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये पडदा लागतो, साबुदाणा वडे येतात आणि कुणीतरी बँकर हातभर लेन्सनं टिपलेला सिंह दाखवतो, तोही असा की सिंहानं जणू त्यालाच भेटीची वेळ दिली होती. असे चार सिंह सोसल्यावर आम्ही ठरवलं, आपणही आफ्रिकेला जायचं, पण वाटाड्या नको, झुंबर लावलेला तंबू नको. भाड्याची गाडी घ्यायची आणि आपली आपण हाकायची.

अभयारण्याच्या दारात एक कागद मिळाला होता. हत्ती जवळ असतील तर इंजिन चालू ठेवा. बायकोनं तो मोठ्यानं वाचूनही दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर हत्तीण रस्त्यातच उभी दिसली. मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. सिंगापुरात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर दंड होतो. इतक्या वर्षांत हात आपोआप किल्लीकडे जायला लागलाय.

"बंद का केलीस?" बायको कुजबुजली.

"सवयीनं."

"मग चालू कर."

"बाबा, डोन्ट स्टार्ट, लाह," मागच्या सीटवरून मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "बिहाइंड ऑल्सो हॅव."

आरशात पाहिलं. मागे कमरेएवढं पिल्लू उभं होतं. पुढे आई, मागे लेकरू आणि मधे आम्ही तिघं. या क्षणी इंजिन गुरगुरलं तर ती काय करेल, हे सांगायला वाटाड्या लागत नाही.

हत्तिणीनं कान पसरले आणि चालत आली. खिडकीची काच बोटभर उघडी होती, ती वर करायचंही सुचलं नाही. मातीचा, चघळलेल्या पाल्याचा वास आत आला. मग काचेबाहेर फक्त कातडी होती, सुकलेल्या तळ्यासारखी भेगाळलेली, आणि त्या पसाऱ्यात एक तपकिरी डोळा. त्याच्या पापण्या लांब आणि विरळ होत्या. तिच्या पोटातून घुमणारा आवाज कानांना कळण्याआधी सीटमधून पाठीला कळला. मी उठसूट कशापुढे नमणारा माणूस नाही. तिथे मात्र मान आपोआप खाली गेली. भीतीनं असेल, पण केवळ भीतीनं नाही.

सोंडेनं तिनं टपाचा अंदाज घेतला. पिल्लू दुसऱ्या बाजूनं दुडदुडत पुढे गेलं, तशी ती वळली. झाडीतून आणखी सात जणी आल्या. एवढाली पावलं, पण आवाज म्हणून नाही. गाडीला वळसा घालून, वाटेत दगड असावा तशा, त्या निघून गेल्या.

मुलगी रडत होती. बायकोनं हात मागे नेऊन तिचा गुडघा धरला.

"आता चालू कर," जरा वेळानं बायको म्हणाली.

मी किल्ली फिरवली. ती घरघर इतकी उर्मट वाटली की पुढची बरीच वाट मी पहिल्या गिअरमध्येच, रांगत काढली.