खारबाव ते अंबाडी, कधीच नसलेल्या गाडीने

दादाचं इंजिन पिशवीत घालून मी वसईहून निघाले. बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी त्याच्यासाठी आणलेलं खेळण्यातलं डिझेल इंजिन, निळं, बुटकं. दादा जाऊन दोन वर्षं झाली. माझ्यामागे ते भंगारात जाऊ नये, एवढीच इच्छा. ‘भिवंडीजवळ टेमघरला भोईरांकडे खोलीभर खेळण्यातली रेल्वे आहे, ते कदाचित घेतील,’ असं याच ब्लॉगवर एका वाचकाने सुचवलं होतं.

जायचं असेल तर दिवा जंक्शनकडे जाणारी गाडी पकडा. गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच निघा. मी खारबावला उतरले. तिथून टेमघरपर्यंत रिक्षा दोनशे रुपयांत ठरली. वाटेत कंटेनर इतके, की रिक्षा त्यांच्या चाकांएवढीच वाटते.

“टेमघर में किसके यहाँ?” रिक्षावाल्याने विचारलं.

“भोईर, रेल्वेवाले.”

“उधर तो पटरीच नहीं है, मॅडम!”

पटरी होती, माडीवर. भोईरदादा पंच्याहत्तरीचे. आयुष्यभर कापडाच्या लूमवर जॉबर होते, म्हणजे यंत्र अडलं की हाक मारायचा माणूस. खोलीत पाऊल टाकलं आणि मी थबकले. तासाभरापूर्वी सोडलेलं खारबाव टेबलावर होतं, बाकडं आणि झाडांसकट. तिथून एक रूळ फुटून भिंतीभिंतीने अंबाडी गावाला गेला होता. पाण्याच्या टाक्या सुताच्या रिकाम्या कांड्यांच्या. अशी रेल्वे खरी कधीच नव्हती, पण भोईरदादांच्या जाड वहीत तिचा सगळा इतिहास आहे.

“हे मधलं स्टेशन गावापासून इतकं लांब का?” मी विचारलं.

“गावाजवळची भातशेती कोणी दिली न्हाय.”

“खोट्या गाडीलापन जमीन देत न्हाईत आमचे लोक!” चहा घेऊन आलेल्या भोईरवहिनी म्हणाल्या.

मी इंजिन काढून भोईरदादांना दिलं. रुळांचं माप जुळलं. त्यांनी ते मायेने पुसलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

“ताई, माझी लाइन वाफेची हाय. हे डिझेल इथं कशाला येईल? कारण न्हाय, तर रुळावर न्हाय.”

“अवो, बाई वसईवरनं आलीय!”

“आली, बरं झालं. पन वहीत काय लिहू?”

वहिनींनी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी इतकी चवदार, तरी माझं लक्ष मांडीवरच्या इंजिनाकडे होतं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टर आठवल्या. नुसतं उत्तर लिहिलं की अर्धे गुण कापायच्या, ‘कारण कुठे आहे?’ म्हणायच्या. जेवून मी पुन्हा माडीवर गेले आणि नीट पाहत फिरले. अंबाडीला गवताच्या गासड्या रचल्या होत्या. बाजूला बिनछपराचं, काळं पडलेलं गोदाम.

“हे असं का?”

“वाडा तालुक्याचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. इंजिनाची ठिणगी पडली, जळालं.”

“मग भोईरदादा, त्यानंतर व्यापाऱ्यांनी कोळशाचं इंजिन गवताजवळ येऊ दिलं असतं?”

ते वाकून त्या गोदामाकडे बघू लागले.

“याच्यात कोळसा नाही, निखारा नाही,” निळं इंजिन पुढे करत मी म्हटलं. “फक्त गवताच्या डब्यांसाठी मागवलं.”

“तीन वर्षं ते गोदाम तसंच हाय,” ते हळूच म्हणाले. “पुढं काय झालं, मला सुचतच नव्हतं.” आणि त्यांनी वही उघडली. “ड्रायव्हर कोण?”

“प्रभाकर. माझा दादा.”

“गार्ड?”

लहानपणी पलंगाखाली रूळ मांडले की दादा ड्रायव्हर व्हायचा. मला झेंडा म्हणून हिरवा रुमाल देऊन शेवटच्या डब्यामागे बसवायचा.

“गार्ड मी.”

निळं इंजिन जरा कुरकुरलं, मग गवताचे डबे घेऊन खारबावकडे निघालं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच्याने वाजवल्या गेल्या नाहीत.

आता घरी कपाटातली इंजिनाची जागा रिकामी आहे. वाटलं होतं, फार टोचेल. तेवढी टोचत नाही. काल भोईरदादांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला: ‘गवत सुखरूप पोचले. ड्रायव्हर प्रभाकर.’ खाली लिहिलं होतं, ‘ताई, गार्डची सही राहिली हाय.’

सकाळपासून मी तो हिरवा रुमाल शोधते आहे.