ताणून बांधलेला दोर

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलांना तर नाहीच. बस्तीत, आमच्या जैन देवळात, डोळे मिटून बसतो तेव्हा मनातल्या मनात पुष्कळ काही कबूल करतो — रागावलो, खोटं बोललो, मुंगी पायाखाली आली — पण हे तिथंही वगळून पुढं जायची सवय लागली आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. दुसरं कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

मी मोजणीदार. पंचवीसेक वर्षं चिकोडी तालुक्यातली शेतं मोजली. माझ्या साखळीवर कुणी बोट ठेवलं नाही. भावाभावांची डोकी फुटायची वेळ आली तरी मी म्हणेन तिथं दगड रोवला जायचा. मापाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा, हे मी मिरवत आलो. अजूनही थोडं मिरवतो.

आमचं गाव बोरगावापासून दोन कोसांवर. घरी तिघंच — आप्पा, आक्का आणि मी. आई मला आठवत नाही. आक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. लहानपणी लग्न झालं, समज यायच्या आत कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. मी तिला आक्का म्हणायचो, एवढंच काय ते आईपेक्षा वेगळं.

मी नोकरीला लागलो त्याच वर्षी आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायचे, बोलणं जड झालं. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्या दोन महिन्यांत ते चारदा पडले. हाड मोडलं नाही, पण माणूस खचला. परसात जायला दुसऱ्याचा खांदा लागतो, ही गोष्ट त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागली होती. ते पाणी पिणं कमी करू लागले, म्हणजे उठायला नको.

आक्का शाळेत गेलेली नव्हती. पण तिनं जे केलं ते बेळगावच्या एखाद्या डॉक्टरला सुचलं असतं का, मला शंका आहे. आधी तिनं आप्पा कुठं पडतात ते पाहिलं. मग वाटेतलं सगळं उचललं — घोंगडं, पाट, तांब्या, मुसळ. लांब धोतर पायात यायचं, ते फाडून तिनं आखूड पंचे केले. न्हाणीच्या दगडावर रोज राख आणि भरड वाळू. निजून उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही, बाजेच्या कडेला बसून एक णमोकार मंत्र पुरा म्हणायचा आणि मगच पाय टेकायचे, हा तिचा हुकूम. आप्पा घाईनं म्हणाले तर परत म्हणायला लावायची. पूर्वी आप्पांचा आवाज ऐकून गडी चळाचळा कापायचे. आता ते लेकीपुढं मुकाट्यानं णमोकार म्हणत बसायचे, आणि मला हसू यायचं.

आणि तिनं दोर बांधला. बाजेपासून माजघराच्या भिंतीनं, पायरी उतरून मागच्या सोप्यातून परसदारापर्यंत. अंबाडीचा, पाण्यात भिजवून आणि चोळून मऊ केलेला. दोन्ही टोकं खुंट्यांना बांधलेली आणि मधल्या खुंट्यांवरून नुसता टाकलेला. आप्पांचा डावा हात चांगला, म्हणून जाताना डाव्या बाजूला एक दोर आणि येताना समोरच्या भिंतीला दुसरा. दोराला गाठी. एक गाठ हाताला लागली की उंबरा. जोडगाठ लागली की पायरी, तिथं थांबायचं आणि पाय खाली सोडायचा. तीन गाठी लागल्या की परसदार. दिसायची गरजच नाही. आप्पा पुन्हा एकट्यानं जाऊ लागले. "दाव्याला बांधल्याला बैल झालो बघ," असं म्हणायचे, पण खुशीत. पुढच्या दीड वर्षात ते एकदाही पडले नाहीत. एकदाही नाही — हे लक्षात ठेवा.

मला तो दोर आवडत नसे. एक तर घराचा गोठा झाल्यासारखा दिसे. दुसरं, तो सैल होता. खुंटी-खुंटीमध्ये झोळ पडलेला. मी आक्काला म्हटलं होतं, ताणून तरी बांध. ती म्हणाली, दोर हाताबरोबर हलला पाहिजे, ताठ दोर माणसाला ढकलतो. मला ते अडाणीपणाचं वाटलं. आमच्या खात्यात साखळीला झोळ असला की माप खोटं.

मग माझ्या सोयरिकीचं निघालं. पहिली एक फिसकटली होती. त्या घरात वारं जातंय, रक्तातच असेल, असं कुणीतरी मुलीकडच्यांच्या कानात घातलं होतं. आता संकेश्वराकडची मंडळी घर बघायला येणार होती. आदल्या दिवशी मी आक्काला म्हटलं, दोर काढू या. तिनं मान हलवली.

"सोयरं घटकाभर बसतील नि जातील. आप्पांस्नी रोज जायचं असतंय."

सकाळी ती बस्तीला गेली तेव्हा मी दोन्ही दोर काढले आणि माळ्यावर टाकले. परत येऊन तिनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. बोलली असती, पण तेवढ्यात दारात गाडी आली.

पाहुणे चौघे. आप्पांना आम्ही लोडाला टेकवून बसवलं होतं, लुळ्या हातावर शाल. ते थोडंच बोलले, आणि थोडं बोलणारा माणूस भारदस्त वाटतो, त्यामुळं उलट छापच पडली. जेवणं झाली, पसंती झाली, ऊन चढलेलं असतानाच गाडी परत गेली. मी नुसता हवेत होतो.

पंगत माजघरात बसली होती. खरकटं काढलं की तिथं शेणाचा हात फिरवायचा, हे तर घरोघरचं. पण आप्पा निजून उठून परसात जाऊन आल्याशिवाय त्या वाटेवर ओला हात लावायचा नाही, हा आक्काचा नेम होता. त्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत तिनं तो मोडला. पंगतीची जागा सारवली, पायरीसकट, थेट पायरीच्या खालपर्यंत. मग भांडी घेऊन विहिरीवर निघाली आणि दारातून म्हणाली, "आदू, दोर लाव आधी. आप्पा निजल्यात तवर."

मी लावले. दुसरा कसा लावला ते आता आठवत नाही, त्याचा संबंधही आला नाही. पण जाण्याच्या वाटेचा मी ताणून बांधला. आनंदात होतो, हाताला काम हवं होतं, आणि आज सगळं नीटनेटकं हवं होतं. बाजेकडचं टोक बांधलं, दुसरीकडून ओढ दिली, झोळ काढून टाकला, उरलेला शेवटच्या खुंटीला गुंडाळला. मागं सरून पाहिलं. रेघ मारल्यासारखा दोर. दीड वर्षात प्रथमच बरोबर बांधलाय, असं मनात म्हणालो.

कळलं ना तुम्हाला? झोळ काढला की गाठी पुढं सरकतात. मोजणीदाराला हे कुणी शिकवावं लागतं का?

मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. चैत्रातलं ऊन होतं. बरंच बसलो. आतून आप्पांचा णमोकार ऐकू आला, सावकाश, पुरा. मग पाय ओढल्याचा आवाज. मग धप्प.

ते पायरीच्या खाली कुशीवर पडले होते. डाव्या मुठीत दोर तसाच. जोडगाठ मुठीच्या पुढं हातभर होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं — दिसत किती होतं कोण जाणे — आणि म्हणाले, "गाठ आली न्हाय रं."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते लहान पोरसुद्धा सांगेल. मी काय केलं ते सांगतो. मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले, त्यांची मूठ दोरावरून सोडवली, उठलो, शेवटच्या खुंटीवरचे वेढे सोडले आणि दोर सैल केला. पूर्वी होता तसा झोळ पडेपर्यंत. जोडगाठ पायरीवर आणून ठेवली. आणि मग आक्काला हाक मारली. आधी दोर, मग हाक.

ती धावत आली. आप्पांचं डोकं मांडीवर घेतलं. ते तिलाही तेच सांगत होते, गाठ आली न्हाय. तिनं ताबडतोब वर हात केला, दोर धरला आणि बोटांनी चाचपत जोडगाठीपर्यंत गेली. गाठ पायरीवर होती.

"दोर बरोबर हाय," ती म्हणाली. आणि सारवलेल्या जमिनीकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं.

मी हाडवैद्याला आणायला निघालो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडवैद्य आला, फळ्या बांधून गेला, पुन्हा आला आणि मग यायचा थांबला. आप्पा परत उभे राहिले नाहीत. सहा महिने पडून होते, सहा महिने दिसेल त्याला सांगत होते, गाठ आली नाही. लोक दोराकडं बघायचे. दोर जागच्या जागी. मी म्हणायचो, आप्पा आता भरमल्यात. आयुष्यभर एका शब्दावर चालणारा माणूस — त्याला मी भ्रमिष्ट ठरवला, आणि तो सहा महिने खरंच बोलत होता. शेवटी त्यांनी सांगणं सोडलं. पंधरा दिवसांनी गेले.

गावातल्या बायका आक्काला टोचायला चुकल्या नाहीत. शेण लावायची काय घाई हुती, असं तिच्या तोंडावर म्हणाल्या. पुढच्या चातुर्मासात गावात मुनी होते. आक्कानं त्यांच्यासमोर हात जोडले, माझ्या हातून बाप पडला म्हणून सांगितलं आणि जन्मभर मीठ सोडलं. मी मागं उभा होतो. नवी नवरी शेजारी होती. एक वाक्य बोललो असतो तर ते तिथंच मिटलं असतं. बायकोला काय वाटेल, असं तेव्हा मनात आलं. पुढच्या वर्षी, आता एवढ्या दिवसांनी कसं सांगू, असं आलं. त्याच्या पुढच्या वर्षांत काहीच आलं नाही. हेही मान्य करतो — मला झोप लागत होती. मी जेवत होतो. माझं चांगलं चाललं होतं.

आणि जेवण आक्काच करायची. तिला मीठ चाखता येईना, म्हणून आमटीचा थेंब माझ्या तळहातावर द्यायची. बरोबर हाय का, एवढंच विचारायची. मी चाखून सांगायचो, थोडं घाल, किंवा असू दे. वीसेक वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात आक्का आजारी पडली. पोट चालू झालं, अंगातलं पाणी गेलं, पायांत गोळे येऊ लागले. वैद्य म्हणाले, पेजेत मीठ घालून देत राहा, तेच औषध. मी वाटी घेऊन बसलो. तिनं तोंड मिटून घेतलं. मग माझा हात धरला.

"आदू, मी आप्पांच्या डोक्याशी बसले नव्हं का त्या दिवशी, तवा जमीन गार लागल्याली आठवत न्हाय मला. लई वरसं मनात हाय. वाळली हुती काय रं? वाळली असंल तर घेते पेज."

घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको शेतावर गेली होती. अब्रू जायची म्हटली तरी कुणासमोर जाणार होती? समोर ती एकटी आणि माझ्या हातात वाटी.

"वल्ली हुती, आक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. माझा हात थोपटला, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून. मी बिनमिठाची पेज आणली. तिसऱ्या दिवशी ती गेली. मिठानं वाचली असती का, ते वैद्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जमीन वाळलेली होती. आप्पांच्या शेजारी, सारवलेल्या जागेवरच मी गुडघे टेकले होते, आणि उठलो तेव्हा माझ्या पांढऱ्या धोतराला डागसुद्धा लागला नव्हता.