मी ऑपरेटर नाही

“ही आमची कॉम्प्युटर ऑपरेटर.”

भरलेल्या सभागृहात विभागप्रमुखानं माझी ओळख करून दिली ती अशी. पुढच्या रांगेत चेन्नईचे पाहुणे, मागे पहिल्या वर्षाची एमबीबीएसची पोरं. आमच्या कुंभकोणमच्या मेडिकल कॉलेजात एम्ब्रियॉलॉजीच्या डिजिटल धड्यांचं उद्घाटन होतं. आईच्या पोटात मूल कसं घडतं, ते पडद्यावर हलत्या चित्रांत.

मी त्याच विभागात सात वर्षं शिकवते. ॲनाटॉमीत एमएस्सी. एमबीबीएस नाही, म्हणून स्टाफरूममध्ये मला खुर्ची होती, कप नव्हता.

धडे माझे होते. सगळेच्या सगळे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भ म्हणजे तीन थरांची एक चपटी चकती. ती दुमडते, तेव्हा शरीर होतं. पुस्तकातल्या चित्रावरून पोरांना हे कळत नाही. गावाकडची, तमिळ माध्यमातली पोरं तर नुसती पाठ करतात आणि रडतात. मलाही ती घडी कॉम्प्युटरवर जमेना. शेवटी माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे गेले. अप्पा शिंपी. त्यांनी तीन रंगांची कापडं एकावर एक ठेवली, कडेनं नाडी ओवली, आणि म्हणाले, “बाये, कडा आवळ. आतलं आत जातंय बघ.” गेलंच. ते पाहून मी चित्रं केली. सोबत सोप्या तमिळमध्ये माझा आवाज.

विभागप्रमुखानं माझा आवाज काढला, स्वतःचा घातला. इंग्रजीत. प्रत्येक शब्दाला कडक इस्त्री, आत अर्थ नाही. शेवटी नाव एकच, त्याचं.

मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, माझं नाव का नाही. हा माणूस चारचौघांत इंग्रजी बोलतो, शिपायाशी तमिळ. आमच्या दोघांच्याही घरची भाषा मराठी. त्याचं घराणं इथल्या जुन्या मराठा राजांच्या दरबारातलं, हे तो वर्षातून चारदा ऐकवतो. माझ्याशी मराठी तो फक्त तेव्हाच बोलला.

“तुझा आजा आमच्या मागल्या दारानं यायचा,” तो म्हणाला. “अंगाला टेप लावू देत नव्हतो. जुना सदरा खाली टाकायचो, त्यावरून माप. आणि तुला नाव पाहिजे?”

मी बाहेर आले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते. त्यानं सांगितलेल्याची नाही वाटत. त्याची कीव करण्याएवढीही त्याची लायकी नाही.

तर सभागृह. गर्भाची घडी पडद्यावर पडली, टाळ्या झाल्या. मागून एक मुलगी उठली. स्वामीमलैची, पंचधातूच्या मूर्ती ओतणाऱ्याची पोरगी.

“सर, हृदय आधी डोक्याच्याही पुढे दिसलं. मग छातीत आलं. कसं?”

प्रश्न साधा होता. वीस वर्षं शिकवणारा प्रोफेसर पडद्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बोट.

“ऑपरेटर, मागे घ्या.”

मी माऊस सोडला. उभी राहिले.

“मी ऑपरेटर नाही. मी इथे शिकवते. हे धडे मी केलेत, आणि यांना ते कळलेले नाहीत.”

मग तमिळमध्ये त्या मुलीला सांगितलं. मेंदू वाढतो, डोकं पुढे वाकतं, आणि त्याच्या पुढे असलेलं हृदय खालून वळून छातीत येतं. दोन्ही हात दुमडून दाखवलं. तिनंही आपले हात तसेच दुमडले.

पाहुणे मोबाइलमध्ये बघत बसले. एकानंही विचारलं नाही की खरं कोणाचं. मोठ्या माणसांचं हे असं असतं. घाण दिसली की खिशात हात.

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला माफीनामा पुढे आला. ‘मानसिक ताणामुळे मी असत्य बोलले.’ खाली माझ्या सहीची जागा.

“सही कर,” तो म्हणाला. या वेळी इंग्रजीत. “नाहीतर आजपासून वर्ग नाही. हाडांची खोली सांभाळ.”

“किल्ली द्या,” मी मराठीत म्हणाले.

कागद टेबलावरच राहिला. आता मी हाडं पुसते. वर्ग तो घेतो, म्हणजे व्हिडिओ लावतो आणि खुर्चीत बसतो. नोकरीही जाईल बहुतेक. अप्पांना सांगितलंय.

चेहरा, हातपाय, मूत्रपिंड हे पुढचे धडे अजून माझ्याकडेच आहेत. रोज शिपाई पाठवून मागतो. देणार नाही. पोरांना देईन, माझ्या आवाजात, तमिळमध्ये. त्याला हवे असतील तर त्यानं त्याच सभागृहात, त्याच माणसांसमोर माझं नाव घ्यावं. तोवर एकही चित्र मिळणार नाही.