विहिरीत न उतरलेले सर

माझे गाईड विहिरीत उतरले नाहीत, याचा राग मला आजही येतो. येऊ दे. काही राग सोडायचे नसतात.

औरंगाबादला मी भूकंपावर पीएचडी करत होते. जुना भूकंप शोधायचा तर जमीन उभी कापून आतले थर बघावे लागतात. तेवढा खड्डा मला कोण खोदून देणार? म्हणून कुणी नवी विहीर खोदली की आतनं बांधून काढायच्या आधी मी तिथं पोचायची. पैठणकडच्या एका विहिरीत मला हवं ते सापडलं. काळ्या मातीच्या बऱ्याच खाली नदीच्या वाळूचा पांढरा थर होता. तो एका जागी तुटून वीतभर खाली सरकला होता, आणि त्याच्या वरचे थर अखंड होते. म्हणजे फार पूर्वी इथं जमीन हलली होती. सर म्हणाले, "मी डोळ्यानं बघेन, तेव्हाच थिसिसमध्ये घेऊ." विहीरमालकाच्या हातापाया पडून मी गवंडी थांबवले.

सर आले. काठावरनं डोकावले, बुटाला लागलेला चिखल झटकला आणि म्हणाले, "काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच. ही तसलीच." अहो, भेगेनं थर खाली सरकतो का? माझं डोकंच फिरलं. माती वर ओढायच्या यारीच्या बादलीत बसून मी खाली गेले आणि तिथनं ओरडले, "सर, खाली या! तुम्ही बघितल्याशिवाय मी वर येत नाही!"

मालकाची आई वरनं म्हणाली, "आगं लेकरा, लई हट्ट बरा नाय. ये की वर." आणि सर? गाडीत बसून चालते झाले. दार आपटल्याचं मला खाली ऐकू आलं. मी रडले, पण रागानं.

मालक म्हणाला, "ताई, उद्या दुपारपर्यंत थांबतो. मग मात्र नाय."

पैठणच्या बाजारातनं मी गोंद आणि मांजरपाट आणला. भिंतीला पातळ गोंद पाजला, वर कापड दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशी ते सोलून काढलं, तर वाळू, माती, ती तुटलेली जागा, सगळं कापडाला चिकटून जसंच्या तसं आलं. फळीवर ठोकून एसटीत मांडीशी उभं धरलं, कंडक्टरशी भांडले आणि थेट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

डिपार्टमेंटचे आणखी दोन सर तिथं चहा पीत होते. आमच्या सरांनी चष्मा लावला, तुटलेल्या जागेवरनं बोट फिरवलं. मग त्या दोघांकडं वळून हसत म्हणाले, "मीच सांगितलं होतं हिला, भिंतच उचलून आण म्हणून."

थिसिसवर सही त्यांचीच व्हायची होती. तरी मी म्हणाले, "नाय सांगितलं. तुम्ही भेग म्हणालात आणि मला विहिरीत सोडून गेलात."